वाचक विचारतात : विरजण, पशुखाद्याची पुडी आणि उपयुक्त जिवाणू

गेल्या काही आठवड्यांत निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांकडून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दुकानात मिळणारी ‘चांगल्या जिवाणूंची’ पुडी, औषधाच्या दुकानातली कॅप्सूल आणि घरचे दही या तिन्हींना हल्ली ‘प्रोबायोटिक’ हे एकच नाव चिकटवले जाते, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली या शब्दाची व्याख्या केली. पुरेशा संख्येने दिले असता यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात ते जातात त्या माणसाच्या किंवा जनावराच्या, आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. ‘जिवंत’, ‘पुरेशा संख्येने’, ‘यजमान’ आणि ‘लाभ’ हे चार शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढील प्रत्येक प्रश्न यांपैकी कोणत्या ना कोणत्या शब्दापाशी येऊन अडलेला आहे.

प्रश्न : आमच्या गोठ्यात आठ म्हशी आहेत. पशुखाद्याच्या दुकानदाराने जिवाणूंची पुडी दिली असून ती रोज आंबोणात घालण्यास सांगितले आहे. महिना झाला तरी दुधात फरक नाही. पुडी खोटी असावी का? (एक पशुपालक, निपाणी परिसर)

उत्तर : पुडी खोटी आहे की खरी हे पत्रावरून सांगता येणार नाही, परंतु पुडी खरी असूनही फरक न दिसण्याची दोन कारणे आपल्या पत्रातच दडलेली आहेत. आंबोण शिजवून चुलीवरून उतरवल्या उतरवल्या, ते वाफाळत असतानाच पुडी घालतो, असे आपण लिहिले आहे. दह्यातील जिवाणूंच्या जातकुळीतले बहुतेक जिवाणू आणि यीस्ट 60 ते 65 अंश सेल्सिअसला काही मिनिटांत मरतात. कढत दुधाला विरजण लावले तर दही लागत नाही, हे आपल्या घरातील कोणतीही बाई सांगेल. तोच न्याय इथेही लागू आहे. आंबोणात हात घालून सहज ठेवता येईल इतके ते निवाल्यावरच पुडी घालावी.

दुसरे कारण संख्येचे आहे. म्हशीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे रुमेन, शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो आणि त्यातील द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे एक हजार कोटी जिवाणू आधीपासूनच नांदत असतात. समजा, आपल्या पुडीत एकूण एक हजार कोटी जिवाणू आहेत. ते शंभर लिटरमध्ये पसरले म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख पडले. मूळच्या वस्तीशी तुलना केली तर हे प्रमाण लाखात एक इतके भरते. गुरांचे पोट म्हणजे भरवस्तीचे शहर आहे; तिथे मूठभर पाहुणे आल्याने शहराचा कारभार बदलत नाही. म्हणूनच मोठ्या जनावरांसाठी जे सूक्ष्मजीव खरोखर उपयोगी ठरले, ते संख्येच्या बळावर नव्हे तर एखादे नेमके काम करून उपयोगी ठरले आहेत. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे यीस्ट त्याचे ठळक उदाहरण होय. चाऱ्याबरोबर पोटात जाणारा थोडासा प्राणवायू ते वापरून टाकते आणि त्यामुळे प्राणवायू न सोसणाऱ्या, चोथा पचवणाऱ्या जिवाणूंना मोकळीक मिळते. शिवाय लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही ते उत्तेजन देते.

हा फायदा भरपूर खुराक खाणाऱ्या, जास्त दूध देणाऱ्या जनावरांत अधिक दिसतो, कारण पोटात आम्ल साचण्याचा धोका त्यांनाच असतो. कडबा आणि उसाचे वाढे यांवर राहणाऱ्या, दिवसाला चार-पाच लिटर देणाऱ्या म्हशीत तो दिसेलच असे नाही. अशा गोठ्यात पुडीचे पैसे आधी हिरव्या वैरणीवर आणि खनिज मिश्रणावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सावधगिरीची सूचना विषयाला धरूनच करतो. आपल्या भागात लग्नसराईत उरलेला भात किंवा मळलेली कणीक जनावरांपुढे ओतण्याची पद्धत आहे. एवढे पिष्ट एकदम पोटात गेले की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू बेसुमार वाढतात, रुमेनचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली घसरतो आणि जनावर सुस्त होऊन खाली बसते. अशा वेळी कोणतीही पुडी देत बसू नये, तातडीने पशुवैद्यकांना बोलवावे. निरोगी जनावराच्या पोटातील द्रव आजारी जनावराला पाजण्याचा जुना उपाय पशुवैद्यक आजही करतात; त्या द्रवात पुडीपेक्षा कितीतरी मोठी आणि पुरती मुरलेली फौज असते.

प्रश्न : शेळ्यांना सुबाभूळ घातल्यास केस गळतात असे ऐकतो, तर काही जण बिनदिक्कत घालतात. खरे काय? (गोकाक तालुका)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि फरक पोटातल्या जिवाणूचा आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचे द्रव्य असते. त्याने केस गळतात, आणि पोटात त्यापासून तयार होणाऱ्या दुसऱ्या द्रव्यामुळे गळ्यातील थायरॉईड ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना हा त्रास होई, परंतु हवाई बेटांवरील शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत राहत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आले आणि 1980च्या दशकात हवाईतील जनावरांच्या पोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांना देण्यात आले. त्यानंतर ती गुरे सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. जनावरांना बाहेरून जिवाणू देऊन झालेल्या लाभाचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. आपण मात्र सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावी आणि हळूहळू वाढवत न्यावी.

प्रश्न : ब्रॉयलर पिल्लांना पहिल्या दिवसापासून प्रोबायोटिक पाण्यातून द्यावे, असे कंपनीचे पर्यवेक्षक सांगतात. याला शास्त्रीय आधार आहे का? (कुक्कुटपालक, अथणी)

उत्तर : आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. फिनलंडमध्ये 1971 साली खाद्यातून आलेल्या साल्मोनेला या रोगजंतूची साथ कोंबड्यांत पसरली. त्यानंतर नुर्मी आणि रांताला या दोघांनी 1973 साली असे दाखवून दिले की, निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू एका दिवसाच्या पिल्लांना पाजले तर साल्मोनेला त्यांच्या आतड्यात सहजासहजी ठाण मांडू शकत नाही. जागा आधीच भरलेली असली की उपरा शिरत नाही, एवढे साधे हे तत्त्व आहे. गावठी कोंबडीचे पिल्लू आईच्या पायांत उकिरडा उकरत हे जिवाणू आपसूक मिळवते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई दिसतच नाही, त्यामुळे त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते. म्हशीच्या भरलेल्या पोटाविषयी वर जे लिहिले, त्याच्या नेमकी उलट स्थिती इथे आहे आणि म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांतली मात्रा मोलाची ठरते.

देताना पाण्यात क्लोरीन नसावे आणि त्याच दिवसांत प्रतिजैविके चालू नसावीत, नाहीतर एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटल्यासारखे होते. गोळी खाद्यातून द्यायचे असेल तर बॅसिलस गटातील, बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) धारण करणारे जिवाणूच निवडावेत, कारण खाद्याच्या गोळ्या पाडताना तापमान 70 ते 90 अंशांपर्यंत जाते. ते बीजाणूंना सोसते, लॅक्टोबॅसिलसला सोसत नाही. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006पासून बंदी घातली आहे. आपल्याकडेही कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरण्यास 2019 साली मनाई झाली, तेव्हा या दिशेने जावे लागणारच आहे. मोठ्या कोंबडीची विष्ठा पाण्यात कालवून घरच्या घरी हा प्रयोग करण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्यातून रोगही पसरतात.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. आजीच्या हातच्या दह्यातून आणि नाचणीच्या आंबिलीतून मी काही जिवाणू वेगळे केले. त्यांपैकी एक पीएच 3 असताना तीन तास टिकतो आणि ई. कोलायची वाढ रोखतो. यापासून माणसांसाठी व जनावरांसाठी एकच उत्पादन करता येईल का? पेटंट मिळेल का? (एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका)

उत्तर : तुमचे पत्र वाचून आनंद झाला, म्हणून उत्तर विस्ताराने आणि थोडे परखडपणे देतो. तुमच्या हाती आज जे आहे त्याला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही. तो प्रोबायोटिक होऊ शकेल असा एक उमेदवार आहे.

एमआरएस माध्यमाच्या (लॅक्टोबॅसिलस वाढवण्याच्या पोषक द्रव्याच्या) थाळीवर बारीक, मलईच्या रंगाच्या वसाहती आल्या, त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकला तेव्हा बुडबुडे आले नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या काड्या दिसल्या, असे तुम्ही लिहिले आहे. लॅक्टोबॅसिलस गटाची ही खूण बरोबर आहे. आता ई. कोलायला रोखण्याकडे वळू. थाळीवर दिसलेले ते स्वच्छ वर्तुळ केवळ लॅक्टिक आम्लामुळे पडलेले असू शकते. वाढीनंतरचा द्रव गाळून घ्या, त्याचा पीएच सोडियम हायड्रॉक्साईडने साडेसहाच्या आसपास आणा आणि पुन्हा चाचणी करा. वर्तुळ नाहीसे झाले तर ती आम्लाची करामत होती, आणि तसे काम कोणतेही आंबट ताक करते. वर्तुळ टिकले तर पेरॉक्साईड तोडणारे कॅटलेज हे विकर (एन्झाइम) घालून पाहा, म्हणजे पेरॉक्साईडची शंका फिटेल; नंतर प्रथिने तोडणारे विकर घालून पाहा. त्याने वर्तुळ गेले तर जिवाणू बॅक्टेरिओसिनसारखे, इतर जिवाणूंना मारणारे प्रथिन बनवत असण्याची शक्यता आहे आणि मग तुमच्या कामाला वेगळेच मोल येते. मी तपासलेल्या प्रबंधांपैकी अनेकांत ही साधी पायरी गाळलेली आढळली आहे.

आम्लानंतर पित्ताची परीक्षा असते. 0.3 टक्के पित्तक्षार असलेल्या माध्यमात जिवाणू किती तास तग धरतो ते पाहावे लागते. पुढे ओळख पटवणे आले. जिवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या 16एस आरआरएनएच्या जनुकावरून तुमचा जिवाणू लॅक्टोबॅसिलस गटातील प्लॅन्टारम जातीचा आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण प्लॅन्टारम आणि पेंटोसस या जाती त्या जनुकात जवळजवळ सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखण्यासाठी रेकए हे जनुक किंवा सरळ पूर्ण जनुकसंच वाचावा. जुन्या लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची (जीनसची, म्हणजे अनेक जातींच्या गटाची) 2020 साली पंचवीस प्रजातींत विभागणी झाली असून प्लॅन्टारमचे आजचे नाव लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस प्लॅन्टारम असे आहे, तेव्हा प्रबंधात तेच वापरावे.

जातीच्याही खाली वाण असतो, आणि साऱ्या दाव्यांचा आधार तोच असतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. भात म्हटला म्हणून इंद्रायणी आणि बेळगाव बासमती एक होत नाहीत, तसेच एका वाणाने दाखवलेला गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाच्या नावावर खपवता येत नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातून मिळालेला ऱ्हॅम्नोसस जातीचा जीजी हा वाण जगभर अभ्यासला गेला. त्याच जातीच्या तुमच्या वाणाला त्या अभ्यासाचे श्रेय आपोआप मिळत नाही.

सुरक्षिततेकडे बहुतेक जण शेवटी वळतात, मी तुम्हाला ती आधी तपासायला सांगेन. रक्तपेशी विरघळवण्याची चाचणी सोपी आहे. प्रतिजैविकांना असलेला विरोध मात्र नीट समजून घ्यावा. अनेक लॅक्टोबॅसिलस जन्मजातच व्हँकोमायसिनला दाद देत नाहीत. तो गुण त्यांच्या पेशीभित्तिकेच्या घडणीतला असून दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही, त्यामुळे त्याची फारशी काळजी नसते. टेट्रासायक्लिनला विरोध करणारे जनुक जर प्लाझ्मिडवर (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसलेले असेल, तर तो वाण कितीही गुणी असला तरी बाजूला ठेवावा. असे जनुक पोटातल्या रोगजंतूच्या हाती पडू शकते, आणि पशुखाद्यातून रोज टनावारी जिवाणू वापरले जाणार असतील तर हा धोका कैक पटींनी वाढतो.

यानंतर कारखान्याचा प्रश्न येतो. एमआरएस माध्यम महाग आहे आणि त्यात गोमांसाचा अर्क असतो, त्यामुळे खाद्यपदार्थासाठी वेगळे माध्यम बांधावे लागेल. पनीरनंतर उरणारी निवळी आणि आपल्या भागातील साखर कारखान्यांची मळी यांचा विचार करण्याजोगा आहे; पण नुसत्या मळीवर हे जिवाणू धड वाढत नाहीत, त्यांना जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले आयती लागतात, म्हणून यीस्टचा अर्क जोडावा लागतो. वाढवलेले जिवाणू गोठवून वाळवताना मरू नयेत म्हणून साय काढलेल्या दुधाची भुकटी किंवा ट्रेहॅलोज ही शर्करा मिसळतात. खरी कसोटी त्यापुढे लागते. पुडी भरली त्या दिवशी ग्रॅमला एक हजार कोटी असलेली संख्या खानापूरच्या पावसाळी दमटपणात आणि अथणीच्या उन्हाळ्यात सहा महिने ठेवल्यावर किती उरते, ते 25, 30 आणि 40 अंशांवर ठेवून महिन्या-महिन्याने मोजावे. वेष्टनावर मुदतीच्या शेवटच्या दिवशी हमखास जिवंत असेल तीच संख्या छापण्याचा प्रामाणिकपणा ठेवावा.

माणूस आणि जनावर यांसाठी एकच उत्पादन या कल्पनेला मात्र मी नकार देईन. यजमान बदलला की पुरावा पहिल्यापासून गोळा करावा लागतो, आणि कायदेही वेगळे आहेत. माणसांच्या अन्नासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016च्या नियमांत परवानगी असलेल्या प्रोबायोटिक जिवाणूंची यादी आहे. तिच्याबाहेरच्या जिवाणूसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2011ची मार्गदर्शक तत्त्वे अगोदर वाचून काढावीत. पुरावा कसा असतो हे पाहायचे असेल तर ओडिशातील प्रयोग अभ्यासावा. तेथील खेड्यांतल्या 4,556 नवजात बालकांवर प्लॅन्टारमच्या एका वाणाचा, त्याला पोषक अशा शर्करेसह, प्रयोग झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. बालकांना औषध फक्त सात दिवस दिले होते. त्यामागची वाण निवडण्याची तयारी मात्र अनेक वर्षांची होती. जनावरांच्या बाजूने जायचे ठरवल्यास बेंगळुरू येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्था आणि बिदरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ ही ठिकाणे तुमच्या आवाक्यातली आहेत.

पेटंटविषयी थोडक्यात सांगतो. निसर्गात सापडलेल्या सजीवाचा नुसता शोध भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(सी)नुसार पेटंटयोग्य नाही. नवी प्रक्रिया किंवा परस्परांचा गुण वाढवणारे मिश्रण यांवर अर्ज करता येतो. त्यासाठी वाण मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. असे संग्रह चंदीगडला आणि पुण्याला आहेत. जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचीही वाट चुकत नाही. आजीच्या दह्याचे गाव, तारीख आणि दुधाचा प्रकार वहीत आजच नोंदवून ठेवा, कारण प्रत्येक अर्जात ते विचारले जाईल.

प्रश्न : घरचे दही प्रोबायोटिक असते का? कढी, इडली, लोणचे यांचे काय? (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : घरच्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, परंतु ते कोणते व किती हे दर विरजणागणिक बदलते, म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही पचते, कारण त्यातील जिवाणू दुग्धशर्करा तोडण्यास मदत करतात. कढी उकळली आणि इडली वाफवली की जिवाणू मरतात. चव आणि पचनाला आलेली सुलभता तेवढी उरते. तेला-मिठात मुरवलेल्या आपल्या कैरीच्या लोणच्यात हे जिवाणू फारसे नसतातच. आपल्या सासूबाईंवर कर्करोगाचे उपचार चालू असल्याचे आपण लिहिले आहे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना जिवाणूंच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले गेले, तेव्हा त्या गटात मृत्यूचे प्रमाण 16 टक्के आणि न दिलेल्या गटात 6 टक्के आढळले होते. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न : गेले चार दिवस दही लागतच नाही, दूध नुसते गोडसर राहते. विरजण तीनदा बदलले. गाय घरचीच आहे. (चिकोडी तालुका)

उत्तर : पत्राच्या शेवटच्या ओळीत आपण सहज लिहिले आहे की, गाईला कासदाह झाला होता आणि सडात औषधाच्या नळ्या सोडल्या होत्या. उत्तर त्या ओळीत आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका डेअरीत दह्याची अख्खी टाकी अशीच पाण्यासारखी राहिलेली मी पाहिली आहे. रात्रभर आम्ही विरजणाला दोष देत बसलो आणि सकाळी कळले की एकाच शेतकऱ्याच्या एका कॅनमधले दूध औषध चालू असलेल्या गाईचे होते. दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू पेनिसिलिनला इतका नाजूक असतो की त्याच्या अगदी अल्पशा अंशानेही तो वाढायचा थांबतो, आणि दूध उकळल्याने पेनिसिलिन पुरते नाहीसे होत नाही. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वर्ज्य आहे ते छापलेले असते. शेवटच्या नळीपासून तेवढे दिवस मोजावेत, आणि वेष्टन फेकून दिले असेल तर पशुवैद्यकांना विचारावे. त्या दिवसांचे दूध डेअरीला घालू नये, घरी पिऊ नये आणि वाया जाते म्हणून वासरालाही पाजू नये, कारण त्याच्या कोवळ्या आतड्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू त्यातूनच निवडले जातात.